ताम काकांचा पायगुण

वस्ती बघायची तर पहाटे बघावी, असं ताम काकांचं म्हणणं. दिवसा कुठलीही वस्ती तोंडाला पावडर लावून बसलेली असते. पहाटे तिनं अजून चूळसुद्धा भरलेली नसते.

हे त्यांनी सायगॉनहून समुद्रकाठच्या क्वीन्योनला आल्या आल्या तोआनला ऐकवलं. तोआन घरं दाखवणारा दलाल. दलालांना आमच्याकडे बगळा म्हणतात, आणि तोआन दिसायलाही तसाच आहे, उंच, पांढऱ्या शर्टातला, सतत मान लांब करून कुठेतरी बघणारा.

"काका, समुद्राकडे गॅलरी असलेलं घर आहे," तो म्हणाला. "एकदा बघून तर घ्या."

"गॅलरीतून समुद्र दिसतो. शेजारी दिसतो का?"

"शेजारी कशाला दिसायला हवा? तिकडे सगळे बंगले. जो तो फाटक लावून असतो."

"मग ते घर समुद्रालाच भाड्यानं दे."

ताम म्हणजे आठवा. भावंडांतल्या नंबरानंच इकडे माणसाला हाक मारतात, त्यामुळे कागदोपत्री त्यांचं नाव दाओ वान खियेम आहे हे बहुतेकांना त्यांच्या पेन्शनच्या दिवशीच आठवतं. सायगॉनच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि सगळी रात्रपाळीतच. शहर गाढ झोपलेलं असताना हे बर्फाच्या लाद्या ओढायचे, आणि शहर उठून भाजी घ्यायला निघालं की हे घरी येऊन पांघरूण डोक्यावर घ्यायचे. बाजार कसा भरतो, पहिली भाजी कोण घेतं, कुणाशी काय बोलायचं, हे सगळं काकूंचं राज्य. काकांना सकाळ माहीत होती ती नुसती खिडकीच्या फटीतून.

निवृत्त झाले तरी पहाटे डोळा उघडायचाच. पोटाला मात्र जुनीच सवय. नऊ वाजल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घोट उतरत नसे.

समुद्रकाठी येऊन राहायची कल्पना काकांची. काकूंनी ती मान्य केली, पण एका अटीवर.

"मला समुद्र नको," त्या म्हणाल्या. "समुद्र काय, बादलीतसुद्धा मावतं पाणी. मला दार उघडल्यावर बोलायला माणूस हवा. तुमच्या कारखान्यामागे मी यंत्रांची घरघर ऐकत जन्म काढला. आता माणसांची कटकट ऐकायचीय."

"मिळेल की."

"तशी जागा चुलीचा देव वर जायच्या आत मिळायला हवी. त्याला निरोप द्यायचा तो माझ्या स्वतःच्या चुलीवरून, लॉजच्या खोलीतून नाही. नाही मिळाली तर मुकाट दिएमकडे जायचं."

दिएम त्यांची मुलगी. सायगॉनला अठराव्या मजल्यावर राहते. खोली तयार ठेवलीय, पडदेसुद्धा शिवून घेतलेत. काकू तिथे एकदा आठवडाभर राहून आल्या होत्या. वरून माणसं दिसतात, पण नुसती टाळकी, आणि टाळक्यांशी काय बोलणार, असं त्यांचं मत झालं होतं. तरी शब्द तो शब्द. चुलीचे देव शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला वर्षाचा हिशेब द्यायला स्वर्गात जातात. त्याच्या आत घर, नाहीतर अठरावा मजला. काका त्यामुळे झपाटल्यासारखे कामाला लागले.

पहिल्या दिवशी ते नव्या मोठ्या रस्त्यामागच्या वस्तीत गेले. अंधार नुकता फिकट होत होता. फुलाफुलांचा पायजमा-सदरा घातलेली एक बाई पावाची गाडी लावत होती. काका टोपी काढून अदबीनं उभे राहिले.

"ताई, पावसाळ्यात इथं पाणी भरतं का हो?"

"घोट्यापर्यंत. घेताय ना पाव? अंड्याचा करू?"

"नको नको. आणि रात्री गाणी कोण लावतं? गाणी म्हणायचे ते चाकांवरचे मोठे स्पीकर आहेत का गल्लीत?"

"आहेत दोन." बाईनं हातातला पाव खाली ठेवला.

"चोऱ्या?"

"अजून तरी नाहीत."

"फार उपकार झाले," असं म्हणून काका निघाले. चार पावलं गेल्यावर त्यांना जळका वास आला. वळून बघतात तर बाईनं वर्तमानपत्राचा बोळा पेटवला होता आणि गाडीभोवती तो ओवाळत काहीतरी पुटपुटत होती.

"डास फार आहेत का इकडे?" काकांनी लांबूनच विचारलं.

"आत्ताच एक मोठा येऊन गेला," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाडीच्या बाजूची वस्ती. तिथे चिकट भाताची टोपली उघडणाऱ्या आजीला काकांनी शाळेपासून गटारापर्यंत सगळं विचारलं. आजीनं सगळी उत्तरं दिली आणि काकांची पाठ वळताच मूठभर मीठ रस्त्यावर भिरकावलं.

"मुंग्या झाल्यात वाटतं, आजी?"

"मुंग्या परवडल्या रे बाबा."

काका खूश. लॉजवर येऊन काकूंना म्हणाले, "गाव छान आहे. डास-मुंग्या जरा जास्त, पण लोक बोलके. विचारलं की सांगतात."

तिसरी वस्ती झाली, चौथी झाली. काकांच्या डोक्यात सगळ्या गावाचा नकाशा तयार झाला. आणि त्याच वेळी तोआनच्या हातातली घरं एकेक करून नाहीशी व्हायला लागली. काल रिकामी असलेली खोली आज भाच्याला दिलेली असायची. एका मालकिणीनं तर काकांची टोपी लांबून बघितली आणि दाराला आतून कडी घातली.

"काका, खरं सांगा," तोआन मान वाकडी करून म्हणाला. "तुम्ही कुणाशी भांडलात का?"

"मी? मी तर सगळ्यांशी गोड बोलतो. पहाटेपासून."

"पहाटेपासून?"

"मग काय. चार वस्त्या पालथ्या घातल्या."

तोआनला काही उलगडा होईना. तो स्वतः दहाच्या आधी उठत नाही.

उलगडा काकूंना झाला, तोही मासळीबाजारात. त्या बांगडे दाबून बघत होत्या आणि मासेवाली शेजारणीला सांगत होती, "आज काय, अर्धी टोपली तशीच परत. तो आला असणार आमच्या गल्लीत."

"कोण गं तो?" काकूंनी विचारलं. अशा गप्पांत शिरायला त्यांना ओळख लागत नाही.

"अहो, एक म्हातारा आलाय सायगॉनहून. राखाडी टोपी घालतो. भल्या पहाटे दुकान मांडलं रे मांडलं की पुढ्यात हजर. भवानी व्हायच्या आधी. तासभर चौकशा करतो आणि काही न घेता चालता होतो. माझ्या नणंदेची पावाची गाडी आहे ना, त्या दिवशी तिचे निम्मे पाव कोंबड्यांनी खाल्ले."

"अगं बाई," काकू म्हणाल्या. राखाडी टोपी त्यांनीच घेऊन दिली होती.

"तुमच्याकडे आला का तो?"

"आमच्याकडे? नाही बाई. असेल मेला कुणीतरी." काकूंनी बांगडे घेतले, घासाघीस न करता घेतले, आणि तडक लॉजवर आल्या.

काका पंख्याखाली बसून गावाच्या नकाशाची उजळणी करत होते.

"अहो म्हातारबुवा, पहाटे जाता तेव्हा काही विकत घेता का?"

"काय घ्यायचं? मला नऊच्या आधी भूक नसते."

"काहीच घेत नाही?"

"मी गिऱ्हाईक म्हणून जातच नाही. चौकशीला जातो."

काकूंनी कपाळाला हात लावला. "दुकान उघडल्यावर समोर पहिला जो उभा राहतो तो गिऱ्हाईकच असतो. तो विचारून तसाच गेला की दिवस गेला. हे शेंबड्या पोराला कळतं."

"मला ठाऊक आहे ते. पण ते कापड, चपला असल्या घासाघिशीच्या धंद्यात. मी कुठं भाव केला? मी गटाराबद्दल विचारत होतो."

"पहिल्या गिऱ्हाइकानं गटाराबद्दल विचारलं, आणि वर तुम्हाला वाटतंय की ते बरं झालं?"

काकांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट केली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते डास नव्हते."

"डास तुम्ही."

"आणि मीठ?"

"तेही तुमच्यासाठीच."

काकांचा चेहरा एवढा पडला की काकूंनी त्यांना अजून बोलायचं रद्द केलं. फक्त म्हणाल्या, "उद्यापासून जिथं जिथं गेलात तिथं जायचं आणि विकत घ्यायचं. भाव विचारायचा नाही. प्रश्न विचारायचा नाही. घ्यायचं, पैसे द्यायचे, हसायचं."

सांगणं सोपं होतं. पण राखाडी टोपी गल्लीच्या तोंडाशी दिसली की भाताच्या टोपलीवर कापड पडायचं. "अजून उघडलं नाही हो." समोर वाफा येत असायच्या, तरी अजून उघडलं नाही. काकांनी टोपी काढून बघितली, तर टक्कल टोपीपेक्षा लांबून ओळखू आलं. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. आधी कुणीतरी भवानी करेपर्यंत विजेच्या खांबाआड थांबायचं आणि नंतर पुढे व्हायचं. हिशेब बरोबर होता. पण खांबाआड दबा धरून बसलेला म्हातारा बघून पाववाल्या ताईंचं पहिलं गिऱ्हाईक, एक शाळेतली बाई, सायकल वळवून दुसऱ्या गल्लीनं निघून गेली. त्या दिवशी पेपराचा बोळा काकांच्या तोंडावरच पेटवला गेला.

तिथी जवळ येत चालली होती. दिएमचे फोन वाढले. पडद्यांचा रंग आवडेल ना, असं ती विचारायची. काकू "छान असेल" म्हणायच्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीतून खालच्या चहावालीच्या डोक्याकडे बघत बसायच्या. काकांना ते बघवेना.

आमची गल्ली तोआनच्या यादीत मुळात नव्हतीच. होड्या दुरुस्त करायच्या आवारामागे आम्ही राहतो. दिवसभर ठोकाठोक, डांबराचा वास आणि सगळ्यांच्या घरात सगळ्यांचा आवाज. समुद्र इथून दिसत नाही, होड्यांचे उलटे तळ दिसतात. गल्लीच्या मध्यावर न्याम सुताराचं जुनं घर रिकामं होतं. "दाखवायला नेतो," तोआन म्हणाला, "पण ते ऐकून असणार तुमच्याबद्दल."

आम्ही ऐकून होतोच. न्याम सुतारानं तर आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "तो आला तर घर माझ्या मेव्हण्याला दिलंय."

"तुला मेव्हणा कुठंय?" साउ मावशीनं विचारलं होतं.

"तोवर मिळवतो."

साउ मावशी गल्लीच्या तोंडाशी तांदळाच्या शेवया विकते, माशाच्या वड्या घालून, गरम रश्श्यात. मी तिच्याच माळ्यावर राहते, त्यामुळे पुढचं सगळं मी जिन्यातून बघितलं.

पहाटेची वेळ. मावशीनं रश्श्याचं पातेलं चढवलं, जमिनीलगतच्या देव्हाऱ्यातल्या ढेरपोट्या भूमिदेवापुढे कॉफीची वाटी ठेवली, छोटी प्लास्टिकची स्टुलं मांडली. आणि काका आले. पण पुढे येईनात. रस्त्याच्या पलीकडे, होडीच्या सावलीत उभे राहिले.

"ओ काका," मावशीनं हाक मारली. "सायगॉनचे ना तुम्ही? या, बसा."

"नको. आधी कुणीतरी येऊ दे."

"का? भूक नाही?"

"भूक आहे." हे खोटं होतं. "माझा पाय वाईट आहे म्हणतात. तुमची भवानी खराब व्हायची."

"माझी? कोपऱ्यावर ते एसीवालं गारेगार खाण्याचं दुकान निघाल्यापासून माझं गिऱ्हाईक तिकडंच जातं. तुमच्या पायानं आता अजून काय जाणार, पातेलं?"

"तरी नको."

"म्हणजे दुकान मी उघडलंय, बोलावते मी, आणि येत नाही म्हणता तुम्ही? हा तर त्याहून मोठा अपशकुन झाला की हो."

काका अडकले. आले तरी वाईट आणि गेले तरी वाईट. एव्हाना शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. न्याम सुतार दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडातच ठेवून बघायला लागला.

"साउ, नको गं," तो फेसातून म्हणाला. "दिवस जाईल."

"तू कधी घेतलीस रे माझ्याकडे भवानी? उधारीवाला तू. बसा हो काका."

काका बसले. गुडघे कानाशी आले. मावशीनं वाडगा पुढे ठेवला, भरून, वर दोन वड्या जास्त. नऊच्या आधी ज्या माणसाच्या घशाखाली घोट उतरत नाही, त्या माणसानं तो वाडगा अख्ख्या गल्लीच्या नजरेसमोर संपवला. घाम फुटला, डोळे पाण्यानं भरले, पण एक शेवई मागे ठेवली नाही. प्रश्न एकही विचारला नाही. पैसे ठेवले, हसले, आणि पोटावर हात धरून बाहेर पडले.

"बघू आता," न्याम म्हणाला, आणि तोंड धुवायला गेला.

पण 'बघू' म्हणजे बघायला यायलाच हवं. तोंड धुऊन तो परत आला, पातेल्यात डोकावला. "विकलं का काही?"

"तू घेतलंस तर विकलं."

उभ्यानं किती वेळ डोकावणार? त्यानं वाडगा घेतला. मग आवारातले दोन सुतार आले, त्यांनाही बघायचं होतं मावशीचा दिवस कसा जातो ते. तेही बसले. पलीकडच्या गल्लीतून पाववाल्या ताईंची भावजय ती मासेवाली मुद्दाम आली. "ऐकलं तो इकडे आला होता. मग? बसला ना धंदा?" असं विचारता विचारता तिनंही स्टूल ओढलं. खाडीच्या वस्तीतली आजी टोपली डोक्यावर घेऊन आली, सहानुभूती दाखवायला. सहानुभूती दाखवायला आलेल्या माणसानं काही न खाता जायचं म्हणजे काय दिसतं ते? ऊन आवारातल्या पहिल्या होडीवर येईपर्यंत स्टुलं संपली. लोक उभ्यानं खात होते आणि एकमेकांना विचारत होते, आता कधी बसेल धंदा?

थोड्या वेळानं मावशीनं पळी पातेल्याच्या तळावर खणकन आपटली.

"संपलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी पातेल्यात डोकावलं.

"एवढ्या सकाळी?" न्याम म्हणाला.

"रस्सासुद्धा नाही उरला. आता मी काय करू बसून? झोपू का?"

न्यामनं रिकाम्या पातेल्याकडे बघितलं, मग कुलूप लावलेल्या आपल्या जुन्या घराकडे. त्या घराच्या ओट्यावर तो होड्यांसाठी कोरलेल्या वल्ह्यांचं दुकान काढायच्या विचारात होता. तो सायकलवर बसला.

लॉजखाली त्याला काका सापडले नाहीत. ते पोट धरून पडले होते. काकू सापडल्या.

"वहिनी, घर आहे," न्याम म्हणाला.

"ते मेव्हण्याला दिलंत ना? बाजारात ऐकलं."

"त्याचं आणि माझं बिनसलं."

काकू त्याच्या मागोमाग आल्या. घर बघायच्या आधी त्यांनी गल्ली बघितली. मासेवाली अजून तिथेच होती. तिनं काकूंना ओळखलं आणि आ वासला.

"म्हणजे तो मेला कुणीतरी..."

"हो," काकू शांतपणे म्हणाल्या. "तो मेला माझाच."

यावर जे हसू फुटलं त्यानं आवारातली ठोकाठोक थांबली. काकू तिथेच एका स्टुलावर टेकल्या. बांगडे कसे शिजवले इथपासून सुरुवात झाली. मग कारखान्याची घरघर निघाली, दिएमचे पडदे निघाले, मासेवालीची सासू निघाली. काका पोट शेकून, टोपी घालून, घर बघायला जाऊया म्हणायला आले, तोवर काकू गल्लीतल्या दोन भांडणांत पंच म्हणून बसल्या होत्या.

"घर बघितलंस का?" काकांनी विचारलं.

"बघितलं."

"आत जाऊन?"

"आत काय बघायचंय? भिंती असतीलच."

दोन दिवसांनी आधी चूल आणि तांदळाचा डबा आत गेला, मग बाकीचं सामान. तेविसाव्या तिथीला कागदी घोडा पेटवून काकूंनी चुलीच्या देवाला वाटेला लावलं आणि दिएमला फोन करून सांगितलं की पडदे विकून टाक.

काकांचे हाल मात्र तेव्हापासून सुरू झाले. साउ मावशीकडे रोज पहाटे पहिला वाडगा त्यांचाच. पावाच्या गाडीवाल्या ताईनं बोळा पेटवायचं सोडून निरोप धाडला, भातवाल्या आजीनं तर हात धरून ओढून नेलं. नऊच्या आधी न खाणारा माणूस आता सात वाजेपर्यंत तीन वस्त्यांत जेवून येतो. कोपऱ्यावरच्या गारेगार दुकानाच्या मालकानंही एकदा त्यांना नमस्कार करून बघितला, पण मावशीनं पळी दाखवली.

आणि मग नवं वर्ष आलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर अख्खं वर्ष ठरतं, म्हणून चांगल्या पायाच्या माणसाला लोक आधीपासून सांगून ठेवतात. काकांसाठी गल्लीत चक्क भांडणं झाली.

"घर माझं आहे, पहिला मान माझा," न्याम म्हणाला.

"शोधून काढलं मी," मावशी म्हणाली.

"शोधलं कसलं? ते रस्त्याच्या पलीकडे उभे होते."

शेवटी गल्लीच्या तोंडापासून सुरू करायचं ठरलं. नव्या वर्षाच्या सकाळी काका नवा शर्ट घालून निघाले. घरोघरी आल्याची वडी, चहा, पोरांच्या हातात पैशांचं लाल पाकीट. प्रत्येक उंबरा उजव्या पायानं ओलांडला. भरपूर हसून, गाल दुखवून, ते आपल्या दाराशी आले. दार आतून बंद.

"अगं, उघड."

"तिथंच थांबा," आतून काकूंचा आवाज.

"का?"

"आपल्या घरात अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

"मग माझं पडू दे की. सगळी गल्ली मला बोलावते."

"गल्लीनं तुम्हाला चार दिवस बघितलंय. मी लग्न झाल्यापासून बघतेय. साउला सांगून ठेवलंय. ती आली की तिच्या मागून या."

साउ मावशी तेव्हा न्यामच्या ओट्यावर टरबुजाच्या बिया फोडत बसली होती आणि मासेवालीच्या सासूची गोष्ट नुकती रंगात आली होती. काकांनी दोनदा हाक मारली. "आले, आले," ती म्हणाली आणि बसूनच राहिली. कुणीतरी काकांना स्टूल आणून दिलं. ते दारासमोर बसले, तर त्यांच्याभोवती माणसं जमली. माणसं जमली म्हटल्यावर काकूंना आत बसवेना. त्यांनी खिडकी उघडली, गजातून खोबऱ्याच्या वड्यांची बशी बाहेर दिली, कोपर टेकवलं आणि न्यामच्या बायकोला विचारायला लागल्या की तो मेव्हणा नक्की कोण होता.

दार मात्र मावशी येईपर्यंत बंदच होतं.